लष्करी अहवालातून जगभर : ‘वाम्पिर’ शब्दाची कुळकथा

२६ जानेवारी १७३२ रोजी बेलग्रेडमध्ये एक अहवाल पूर्ण झाला. त्यावर ऑस्ट्रियाच्या सैन्यातले शल्यवैद्य आणि अधिकारी अशा पाच जणांच्या सह्या होत्या. विषय होता सर्बियातल्या मेद्वेजा गावची काही मढी. ती किती दिवसांपूर्वी पुरली, उकरल्यावर कोणत्या स्थितीत सापडली, छातीत आणि पोटात रक्त कसे होते, जुनी कातडी कशी सोलवटून निघाली, अशी एकेका देहाची क्रमवार नोंद त्यात होती. मजकूर जर्मनमध्ये, सरकारी भाषेत होता. त्या भाषेत बसणारा नव्हता असा एकच शब्द होता, गावकऱ्यांच्या तोंडचा : वाम्पिर. लिहिणाऱ्यांनी तो जसा ऐकला तसा उतरवला. काही आठवड्यांत तो लंडनच्या वर्तमानपत्रांत छापला गेला आणि पुढे जगातल्या बहुतेक भाषांमध्ये रुजला. सर्बो-क्रोएशियन भाषेने जगाला दिलेल्या शब्दांत एवढी मजल दुसऱ्या क्वचितच कोणी मारली असेल.

हा शब्द आला कुठून, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. सर्बियाच्या खेड्यातून तो युरोपभर कसा पोहोचला, ही पहिली. त्याचा दिवस, गाव आणि माणसे कागदावर सापडतात. मुळात तो सर्बियन बोलीत कसा आला, ही दुसरी. तिथे भाषाशास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही.

पहिल्या बाजूची सुरुवात एका तहापासून होते. जुलै १७१८ मध्ये पोझारेवात्स इथे ऑस्ट्रिया आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यात तह झाला आणि बेलग्रेडसह उत्तर सर्बिया व्हिएन्नाच्या ताब्यात आला. ही सत्ता १७३९ पर्यंत, म्हणजे जेमतेम एकवीस वर्षे टिकली. तेवढ्या काळात ऑस्ट्रियाने तिथे आपली कारकुनी व्यवस्था उभी केली. सीमेवर हायदुक म्हणवणाऱ्या स्थानिक लढवय्यांच्या वसाहती होत्या. प्लेगच्या धास्तीने आरोग्याची नाकेबंदी होती. एखाद्या गावात पाठोपाठ माणसे दगावू लागली, तर ती बातमी वर कळवणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते. तुर्की अमलात ज्या मृत्यूंची नोंद कोणी ठेवली नसती, ते आता टिपणात येऊ लागले.

१७२५ मध्ये डॅन्यूबकाठच्या किसिल्येवो गावातून असे पहिले टिपण निघाले. ग्रादिश्का भागाचा कारभार पाहणारा फ्रोम्बाल्ड नावाचा अधिकारी ते लिहीत होता. पेतार ब्लागोयेविच हा शेतकरी वारून दहा आठवडे झाले होते. त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसे चोवीस तासांच्या दुखण्याने गेली. पेतार झोपेत येऊन अंगावर बसतो आणि गळा दाबतो, असे मरता मरता त्यांनी सांगितले. पेतार आपल्याकडे येऊन पायातले ओपांक, म्हणजे चामडी वहाणा, मागून गेला, असे त्याच्या बायकोचे म्हणणे होते. ती गाव सोडून निघून गेली.

गावकऱ्यांना कबर उघडायची होती आणि फ्रोम्बाल्डने साक्षीला हवे होते. बेलग्रेडची परवानगी येईपर्यंत थांबा, असे तो म्हणाला. तुर्कांच्या काळात अशाच एका प्रकाराने अख्खे गाव उठले होते. परवानगी येईस्तोवर आम्ही घरेदारे सोडून जाऊ, असे उत्तर त्याला मिळाले. शेवटी ग्रादिश्काच्या पाद्र्याला घेऊन तो गेला. प्रेत जवळजवळ ताजे दिसत होते, केस आणि नखे वाढल्यासारखी होती, तोंडात रक्त होते, असे त्याने लिहिले. गावकऱ्यांनी सूळ ठोकला आणि देह जाळला. यात काही चूक झाली असेल तर तिचा दोष आपल्यावर नसून भीतीने भान सुटलेल्या जमावावर आहे, अशी सफाईही फ्रोम्बाल्डने शेवटी जोडली. २१ जुलै १७२५ रोजी हा मजकूर व्हिएन्नाच्या ‘वीनरिशेस डिआरिउम’ या पत्रात छापून आला. अशा मृतांना हे लोक ‘वाम्पिरी’ म्हणतात, हे त्यात नमूद होते. शब्द छापला गेला, पण फार दूर गेला नाही.

सहा वर्षांनी पश्चिम मोरावा नदीकाठच्या मेद्वेजात पुन्हा माणसे मरू लागली. डिसेंबर १७३१ मध्ये पाराचिनहून ग्लासर नावाचा साथरोग-वैद्य तिथे पाठवण्यात आला. साथ आहे का हे पाहणे, एवढेच त्याचे काम होते. त्याला तापाचे नेहमीचे प्रकार दिसले, संसर्गजन्य रोग दिसला नाही. लोक खंगलेले होते आणि त्याचे कारण त्याने ऑर्थोडॉक्स पंथाच्या कडक उपासांत शोधले. पण गावाला हे पटेना. रात्री दोन-तीन कुटुंबे एका घरात जमत. काही झोपत, काही पहारा देत. मारक मृतांचा बंदोबस्त झाल्याखेरीज इथे राहणार नाही, असे ते म्हणत होते. ग्लासरने काही कबरी उघडल्या, जे दिसले त्याने तो गोंधळला आणि लोकांच्या समाधानासाठी त्यांचे म्हणणे मान्य करावे, अशी शिफारस त्याने केली.

मग बेलग्रेडहून रेजिमेंटचा शल्यवैद्य योहानेस फ्लुकिंगर आला. ७ जानेवारी १७३२ रोजी त्याच्यासमोर कबरी उघडल्या गेल्या. गावाने आधी त्याला पाच वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. आर्नाउत पावले नावाचा हायदुक गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला होता; जर्मन कागदात तो ‘आर्नोल्ड पाओले’ झाला. तुर्की सर्बियात गोसोवा इथे आपल्याला एका वाम्पिरने छळले होते आणि सुटकेसाठी आपण त्याच्या कबरीची माती खाल्ली, त्याचे रक्त अंगाला फासले, असे तो जिवंतपणी सांगत असे. तो मेल्यावर चार जण दगावले, तेव्हा गावाने त्याला उकरून सूळ ठोकला आणि जाळले. आता तीन महिन्यांत सतरा माणसे गेली होती.

फ्लुकिंगरच्या यादीतली माणसे अंगावर काटा आणतात, पण त्यांच्या मृत्यूची कारणे अगदी साधी आहेत. वीस वर्षांची स्ताना बाळंतपणात तीन दिवसांच्या आजाराने गेली. साठीची मिलित्सा तीन महिने आजारी होती. वीस वर्षांची स्तानात्स्का रात्री किंचाळत उठली, काही आठवड्यांपूर्वी वारलेला हायदुकाचा मुलगा आपला गळा दाबत होता म्हणाली आणि तीन दिवसांत वारली. जन्मभर किडकिडीत असलेली मिलित्सा कबरीत मात्र भरलेली दिसली, याचे हायदुकांना मोठे नवल वाटले. त्याच मातीत पुरलेले काही देह नेहमीप्रमाणे कुजलेले निघाले. ते परत कबरीत ठेवले. उरलेल्यांची डोकी कापली, धडे जाळली आणि राख मोरावात टाकली.

प्रेतांच्या या अवस्थेचे स्पष्टीकरण आता उपलब्ध आहे. अमेरिकन अभ्यासक पॉल बार्बर यांनी १९८८ मधल्या आपल्या पुस्तकात न्यायवैद्यकाच्या आधारे ते सविस्तर मांडले. कुजण्याच्या क्रियेत वायू साठून देह फुगतो, म्हणून कृश म्हातारी भरलेली दिसते. त्याच दाबाने रक्तमिश्रित द्रव नाकातोंडातून बाहेर येतो. वरची त्वचा सुटते आणि खालची तांबूस दिसते. सूळ आत गेला की कोंडलेली हवा घशातून निघते आणि कण्हण्यासारखा आवाज होतो. शिवाय सर्बियातल्या जानेवारीच्या थंडीत कुजणे मंदावते आणि कबरीची खोली व मातीची ओल यांप्रमाणे शेजारशेजारच्या देहांतही फरक पडतो. फ्लुकिंगर आणि त्याच्या सोबत्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. त्यांना सैनिकांच्या जखमा ठाऊक होत्या. महिना-दोन महिने पुरलेला देह कसा दिसतो, हे पाहण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येत असे.

हा अहवाल त्याच वर्षी न्यूरेम्बर्गमध्ये पुस्तिका होऊन निघाला आणि जर्मन विद्यापीठांमध्ये वादांची झोड उठली. लाइपझिगसारख्या शहरांतून एकामागून एक प्रबंध छापले गेले. प्रशियाच्या राजाने बर्लिनच्या विज्ञान अकादमीचे मत मागवले. मार्च १७३२ मध्ये लंडनच्या पत्रांनी मेद्वेजाची हकीकत दिली आणि इंग्रजीत ‘व्हॅम्पायर’ शब्द आला. त्याच मे महिन्यात ‘क्राफ्ट्समन’ या विरोधी पत्राने तो शब्द रयतेचे रक्त शोषणाऱ्या सत्ताधाऱ्यांना लावला. इंग्रजीत येऊन तीन महिने होतात न होतात तोच शब्दाला लाक्षणिक अर्थ मिळाला. पुढे व्होल्तेरनेही खरे रक्तपिपासू दलाल आणि सावकारांतच शोधले.

असा प्रवास सरकारी सही-शिक्क्यामुळे शक्य झाला, हे एका दुसऱ्या गावावरून कळते. क्रोएशियाच्या इस्त्रिया भागातल्या क्रिंगा इथे युरे ग्रांदो या मृत शेतकऱ्याने लोकांना छळल्याची आणि १६७२ मध्ये गावाने त्याची कबर उघडून शिरच्छेद केल्याची गोष्ट योहान वाइखार्ड व्हाल्व्हासोरने १६८९ च्या ग्रंथात दिली आहे. ती तपशिलांनी भरलेली आहे आणि मेद्वेजाहून साठ वर्षे जुनी आहे. तिथला शब्द होता ‘श्त्रिगोन’. तो इस्त्रियातच राहिला. त्याच्यामागे सैन्याच्या वैद्यांची साक्ष नव्हती आणि बातमीच्या शोधात असलेली वर्तमानपत्रेही नव्हती.

आता दुसरी बाजू. खुद्द सर्बियन भाषेत या कल्पनेचा जुना शब्द ‘वाम्पिर’ नाहीच. तो आहे ‘वुकोद्लाक’. १२६२ च्या एका सर्बियन धर्मनियम-हस्तलिखितात तो येतो. तिथले वुकोद्लाक ढगांचा पाठलाग करतात आणि ग्रहणात चंद्र-सूर्य खातात. या शब्दातला ‘वुक’ म्हणजे लांडगा. संस्कृतातला ‘वृक’, वृकोदर भीमाच्या नावातला, त्याचाच सगोत्र. ‘द्लाका’ म्हणजे केस. लांडग्याच्या कातडीचा हा प्राणी हळूहळू कबरीतून उठणारा मृत झाला आणि ग्रीकांनी हाच शब्द ‘व्रिकोलाकास’ म्हणून उचलला. प्रथाही जुनी होती. सम्राट दुशानच्या १३४९ च्या कायद्यात तिच्यावर कलम आहे : जादूटोण्याच्या समजुतीने मृतांना कबरीतून काढून जाळणाऱ्या गावाने दंड भरावा आणि तिथे हजर राहणाऱ्या पाद्र्याचे पौरोहित्य काढून घ्यावे. फ्रोम्बाल्डसोबत किसिल्येवोला गेलेल्या पाद्र्याला चारशे वर्षांपूर्वी ही शिक्षा झाली असती.

एकोणिसाव्या शतकात वुक काराजिचने सर्बियन भाषेचा पहिला मोठा कोश रचला. मेलेल्या माणसाच्या उठण्याची, हॉथॉर्नच्या काटेरी लाकडाचा सूळ ठोकण्याची सारी माहिती त्याने ‘वुकोद्लाक’ या नोंदीखाली दिली. त्या सुळाला सर्बियन लोक ‘ग्लोगोव कोलात्स’ म्हणतात आणि एखादी गोष्ट कायमची संपवली की तिच्यात ‘ग्लोगोव कोलात्स ठोकला’ असे आजही बोलतात.

मग ‘वाम्पिर’ कुठला? स्लाव्ह भाषांमध्ये त्याची भावंडे सापडतात. रशियनमध्ये ‘उपिर’, चेकमध्ये ‘उपीर’, पोलिशमध्ये ‘उप्युर’. सर्वांत जुनी खूण १०४७ ची आहे. नोव्गोरोदमध्ये राजपुत्र व्लादिमिरसाठी बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांची नक्कल करणाऱ्या धर्मगुरूने स्वतःचे नाव ‘उपिर लिखी’ असे लिहिले. धर्मगुरूला असे नाव का असावे, यावर बरेच तर्क झाले. हा ‘ओपिर’ नावाचा स्वीडिश माणूस असावा आणि भुताशी त्याचा संबंध नसावा, असाही एक तर्क आहे.

या सगळ्या रूपांवरून अभ्यासक एक मूळ स्लाव्ह शब्द कल्पितात. त्याच्या सुरुवातीला अनुनासिक ‘ओं’ होता : साधारण ‘ओंपिर’. हा अनुनासिक स्वर सर्बियनमध्ये नियमाने ‘उ’ झाला. मराठी वाचकाला ते संस्कृत सगोत्रांवरून चटकन दिसेल. संस्कृत ‘जम्भ’ म्हणजे दात किंवा दाढ. प्राचीन स्लाव्हमध्ये ‘झोंब’, सर्बियनमध्ये ‘झुब’. संस्कृत ‘पन्थाः’, प्राचीन स्लाव्ह ‘पोंत’, सर्बियन ‘पुत’, म्हणजे रस्ता. संस्कृत ‘अङ्गार’, सर्बियन ‘उगाल्य’, म्हणजे कोळसा. अनुस्वार प्रत्येक ठिकाणी गळाला आणि ‘उ’ उरला. या नियमाने सर्बियनमध्ये ‘ओंपिर’चे ‘उपिर’ व्हायला हवे होते. काही बोलींत ‘उपिर’, ‘उपिरिना’ ही रूपे आहेतही. पण मेद्वेजाच्या गावकऱ्यांनी ‘वाम्पिर’ म्हटले. त्यात आधी एक ‘व’ आला आहे आणि अनुनासिक ‘म’च्या रूपाने शाबूत आहे.

शेजारच्या बल्गेरियनमध्ये या दोन्ही गोष्टींची संगती लागते. शब्दाच्या सुरुवातीचा हा अनुनासिक स्वर तिथे आधी ‘व’ घेतो. कोळशाला बल्गेरियनमध्ये ‘व्ग्लेन’सारखा शब्द आहे, ‘व’ आणि ‘ग’ यांच्यामध्ये एक ऱ्हस्व, अस्पष्ट स्वर येतो. दक्षिणेकडे मॅसिडोनियाच्या सीमाभागातल्या काही बोलींमध्ये तर जुना अनुस्वारही टिकून राहिला. म्हणून ‘वाम्पिर’ हे रूप दक्षिण-पूर्वेकडच्या बोलींतून सर्बियनमध्ये आले असावे, असे मानायला जागा आहे. आर्नाउत पावलेने आपल्याला वाम्पिरची बाधा गोसोवाजवळ झाली, असे सांगितले होते. हे गोसोवा म्हणजे कोसोवो असे पुष्कळ अभ्यासक वाचतात. त्याची हकीकत आणि शब्दाचा ध्वनी दोन्ही दक्षिणेकडे बोट दाखवतात. एवढ्याने सिद्धता होत नाही, पण धागा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अर्थाचा वाद अधिक जुना आहे. व्हिएन्नातला स्लोव्हेन पंडित फ्रान्झ मिक्लोशिच याने एकोणिसाव्या शतकात हा शब्द तुर्की कुळातला ठरवला. कझानच्या तातार भाषेतला ‘उबिर’ म्हणजे चेटकीण. तोच स्लाव्ह लोकांनी घेतला, असे त्याचे मत. ते खूप काळ चालले, पण ‘उबिर’मधून सुरुवातीचा अनुनासिक कसा निघाला, हे सांगता येत नाही, म्हणून पुढच्या अनेकांनी ते सोडले. इतर जण शब्द स्लाव्हच मानतात. काहींनी त्याचा उत्तरार्ध वटवाघळाच्या ‘नेतोपिर’ या जुन्या स्लाव्ह नावातल्या ‘पिर’शी जोडला आणि त्यात उडण्याचा अर्थ पाहिला. काहींनी फुंकणे, फुगणे या अर्थाच्या ‘पिरिति’ धातूकडे लक्ष वेधले. मिलित्साचा फुगलेला देह आठवला तर हा शेवटचा अर्थ मनाला पटतो, पण अशा जुळणीवर व्युत्पत्ती उभी करता येत नाही. सर्वमान्य उत्तर अजून नाही.

ऑस्ट्रियाने आपल्या बाजूने हे प्रकरण १७५५ मध्ये मिटवले. मोराविया-सिलेशियाच्या सीमेवर हेर्मर्सडोर्फमध्ये एका स्त्रीचे प्रेत उकरून जाळल्याची बातमी आली, तेव्हा सम्राज्ञी मारिया तेरेसाने आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटन याच्याकडून अहवाल मागवला. त्याने हा सारा प्रकार अज्ञानाचा ठरवला. त्याच वर्षी हुकूम निघाला : भुताखेतांची प्रकरणे पाद्र्यांनी परस्पर हाताळू नयेत, ती सरकारकडे यावीत. ज्या सरकारच्या कागदाने शब्द पसरला, त्याच सरकारने त्यामागच्या प्रथेला बंदी केली.

शब्द मात्र थांबण्यापलीकडे गेला होता. १७५८ मध्ये लिनियसने आशियातल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळाला ‘व्हॅम्पायरस’ हे नाव दिले. रक्त पिणारी वटवाघळे फक्त अमेरिका खंडांत आहेत आणि त्यांच्या तीनच जाती आहेत. नावाचा मान मिळालेले हे वटवाघूळ फळांवर आणि फुलांच्या मधावर जगते. १८१९ मध्ये जॉन पोलिदोरीच्या कथेने खेडूत मृताला सरदाराचा वेश दिला. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ ट्रान्सिल्वेनियात नेला आणि सर्बियाचे नाव वाचकांच्या मनातून पुसले गेले. दुसरीकडे प्रॉस्पेर मेरीमेने १८२७ मध्ये बाल्कन लोकगीते म्हणून स्वतःच रचलेल्या रचना छापल्या. पुश्किनने त्यांतल्या काहींना रशियन रूप दिले आणि ‘वुकोद्लाक’चे ‘वुर्दालाक’ झाले. रशियन भाषेत हा शब्द आजही वापरात आहे.

शब्दाच्या या पल्ल्यात भारतही आला. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीच्या कथा इंग्रजीत आणल्या, त्या ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने. पण आपला वेताळ स्मशानातल्या प्रेतात शिरतो, विक्रमाला कोडी घालतो, त्याच्या विवेकाची परीक्षा पाहतो. गोव्यात आमोणे, लोलये इथे बेताळ ग्रामरक्षक देव म्हणून पुजला जातो. माणसांचे रक्त शोषणाऱ्या मृताशी त्याचे काही नाते नाही. बर्टनच्या इंग्रज वाचकाला ओळखीचा शब्द हवा होता आणि मेद्वेजाहून निघालेला शब्द हाताशी होता, एवढेच. त्या नावाने परदेशी वाचकाच्या मनात वेताळाची चुकीची आकृती पक्की केली. पुढच्या कित्येक इंग्रजी आवृत्त्यांनी तीच वाहिली.

सर्बियात हा शब्द साहित्यात परतला, तो १८८० मध्ये मिलोवान ग्लिशिचच्या ‘नव्वद वर्षांनंतर’ या अर्थाच्या कथेने. झारोझ्ये गावची पाणचक्की आणि तिथे दळायला येणाऱ्यांना मारणारा सावा सावानोविच त्यात आहे. १९७३ मध्ये जोर्जे कादियेविचने त्या कथेवर ‘लेप्तिरित्सा’ हा दूरचित्रवाणीपट केला आणि तो युगोस्लाव्ह प्रेक्षकांच्या पिढ्यांना घाबरवत राहिला. प्रमाण सर्बियन आणि क्रोएशियनमध्ये आज ‘वाम्पिर’ हाच शब्द सर्वमान्य आहे. त्याच्या भोवती ‘लाम्पिर’, ‘तेनात्स’, ‘कुद्लाक’, ‘श्त्रिगुन’ अशी बोलीरूपे मॉन्टेनेग्रोपासून इस्त्रियापर्यंत विखुरलेली आहेत. व्युत्पत्तीचा उरलेला शोध अशाच रूपांच्या नोंदींवर अवलंबून आहे, कारण ‘व’ आणि ‘म’ नेमके कोणत्या डोंगराखोऱ्यात त्या शब्दाला चिकटले, याचा पुरावा मिळाला तर तो तिथल्याच बोलींतून मिळेल.